वायफाय गोठ्यापर्यंत पोचलं, पण घरून कॅमेरा दिसेना! दोन-तीन राउटर जोडताना नेमकं काय चुकतं?

मागच्या पावसाळ्यात आमच्या विहिरीवरची मोटारीची केबल चोरीला गेली. दीडशे फूट तांब्याची वायर. कॅमेरा होता, नव्हता असं नाही. गोठ्याच्या पत्र्याखाली, विहिरीकडे तोंड करून, रात्री दिसणारा कॅमेरा बसवलेला होता. पण त्याच आठवड्यात रस्त्याच्या कामात जेसीबीने फायबर तोडली आणि तीन दिवस नेट बंद. नेट बंद म्हणून कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंगही बंद. कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड पोराने आधीच मोबाईलला काढून नेलेलं.

आता यातली खरी चुटपूट ऐका. घरात रेकॉर्डिंगचा डबा चालू होता. त्यात हार्ड डिस्क होती. घरापासून गोठ्यापर्यंत वायर टाकलेली होती. म्हणजे बाहेरचं नेट गेलं तरी गोठ्यातला कॅमेरा आणि घरातला डबा यांचं आपसात बोलणं चालू राहायला काहीच हरकत नव्हती. पण ते बोलतच नव्हते. बसवल्यापासून बोलत नव्हते, आणि मोबाईलवर चित्र दिसतंय म्हणून आम्ही कधी तिकडे बघितलंच नाही.

नंतर तालुक्याहून एक केबलवाला पोरगा आला. त्याने मोबाईल काढला, घरात उभा राहून काहीतरी बघितलं, गोठ्यात जाऊन परत बघितलं आणि म्हणाला, “काका, तुमच्याकडे एक गाव नाही, दोन गावं झालीत. आणि मधे यायला रस्ताच नाही.”

हे मला तेव्हा कळलं नाही. आता कळलंय, म्हणून लिहितोय. कारण हा घोळ आपल्या भागात घरोघरी आहे. फायबर घरात येते. मग वस्तीवर नेट पाहिजे, गोठ्यात पाहिजे, कांदा चाळीत पाहिजे, दूध संकलनाच्या काट्यावर पाहिजे. आपण बाजारातून बारा-पंधराशेचा दुसरा राउटर आणतो, वायर ओढतो, खोचतो. मोबाईलवर नेट चालतं, आपण खूश. पुढे प्रिंटर निघत नाही, कॅमेरा दिसत नाही, मधेच सगळ्या घराचं नेट बसतं, आणि आपण कंपनीला शिव्या देतो. बऱ्याचदा दोष आपल्याच जोडणीत असतो.

पत्ता म्हणजे काय ते आधी

राउटरला जो कोणी जोडला जातो, मोबाईल असो, टीव्ही असो, कॅमेरा असो, त्याला एक पत्ता मिळतो. याला आयपी पत्ता म्हणतात. चार आकडे, मधे टिंबं. उदाहरणार्थ १९२.१६८.१.२५.

हे पिनकोडसारखं समजा. आपला पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, आणि तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपले मराठी माणूस, संस्कृतचे पंडित. पिनकोडच्या सुरुवातीच्या आकड्यांवरून टपाल कोणत्या भागात जायचं ते कळतं. ४२२ दिसलं की नाशिककडे. शेवटचे आकडे नेमकं ऑफिस सांगतात. आयपी पत्त्याचंही तसंच. घरगुती राउटरमध्ये पहिले तीन आकडे म्हणजे गाव, आणि शेवटचा आकडा म्हणजे घर नंबर. १९२.१६८.१ हे गाव, त्यातलं २५ नंबरचं घर. एका गावात अशी २५४ घरं बसतात. ० हा गावाचा स्वतःचा नंबर, २५५ हा सगळ्या गावाला एकदम हाक मारायचा, म्हणून ते दोन कुणाला देत नाहीत.

सबनेट मास्क म्हणून एक रकाना दिसेल, त्यात २५५.२५५.२५५.० असतं. त्याचा अर्थ एवढाच की पहिले तीन आकडे गावाचे धरा.

आता मुख्य गोष्ट. एकाच गावातले दोघं थेट बोलतात, त्यांना राउटरला विचारावं लागत नाही. गाव वेगळं असेल तर मात्र निरोप राउटरकडे द्यावा लागतो. या राउटरच्या पत्त्याला गेटवे म्हणतात, म्हणजे आपली वेस. राउटरला पुढचा रस्ता माहीत असेल तर निरोप जातो. माहीत नसेल तर तो निरोप इंटरनेटच्या दिशेला ढकलून देतो आणि तिकडे त्याला कुणी विचारत नाही. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते घरात वापरायलाच राखून ठेवलेले आहेत, बाहेर इंटरनेटवर ते चालत नाहीत. तुमच्या घरी आणि माझ्या घरी एकच पत्ता असू शकतो तो त्यामुळेच.

तुमच्याकडे एक गाव आहे की दोन, हे आत्ता बघता येईल. घरच्या वायफायला मोबाईल जोडा, सेटिंगमध्ये वायफायच्या नावावर दाबा, खाली आयपी पत्ता आणि गेटवे दिसेल. कागदावर लिहा. मग गोठ्यातल्या वायफायला जोडून तेच बघा. तिसरा आकडा वेगळा दिसला, किंवा पत्ते सारखेच वाटले पण एकीकडचं दुसरीकडे दिसत नसलं, तर दोन गावं झालीत.

दुसरा राउटर खोचला की काय होतं

राउटरच्या मागे भोकं असतात. त्यातलं एक वेगळ्या रंगाचं किंवा जरा बाजूला असतं, त्यावर वॅन किंवा इंटरनेट लिहिलेलं असतं. बाकीची लॅनची. दुकानदार सांगतो, “घरून आलेली वायर या वेगळ्या भोकात घाला.” आपण घालतो.

झालं असं की नवीन राउटरने घरच्या वायरला “इंटरनेट” समजलं आणि आपल्या पाठीमागे स्वतःचं वेगळं गाव वसवलं. घरचं गाव १९२.१६८.१, गोठ्याचं गाव १९२.१६८.०. गोठ्यातल्या कॅमेऱ्याचा निरोप बाहेर जाताना हा राउटर त्याच्यावरचा पत्ता खोडून स्वतःचा पत्ता टाकतो. याला नॅट म्हणतात. मग घरचा राउटर पुन्हा एकदा तेच करतो. दोनदा खोडाखोड. इंटरनेटला याने फारसं बिघडत नाही, म्हणून मोबाईलवर सगळं ठीक दिसतं.

पण उलट दिशेने बघा. मोटारीच्या पाइपाला आपण एनआरव्ही बसवतो ना, पाणी वर जातं पण मागे येत नाही, तसा हा दुसरा राउटर. गोठ्याकडून घरी जाता येतं. गोठ्यातून मागवलेली गोष्ट परतही येते. पण घरून कुणी स्वतःहून गोठ्यात जायला निघालं तर दार बंद. आमचा रेकॉर्डिंगचा डबा घरी होता आणि कॅमेरा दाराच्या आत.

तरी मोबाईलवर चित्र कसं दिसायचं? कारण कॅमेरा स्वतः बाहेर कंपनीच्या सर्व्हरला चित्र पाठवत होता आणि मोबाईल तिथून घेत होता. म्हणजे साठ मीटरवरचा गोठा बघायला चित्र कुठल्या कुठे जाऊन परत यायचं. फायबर तुटली की तेही संपलं.

कधी कधी याहून वाईट होतं. दोन्ही राउटर एकाच कंपनीचे असले तर दोघांचंही गाव १९२.१६८.१ असू शकतं. दोन्ही बाजूंना एकाच नावाचं गाव, मग राउटरलाच कळत नाही माल कुणीकडे टाकायचा. काही नवे राउटर हे ओळखून आपलं गाव आपोआप बदलतात. जुने बदलत नाहीत, आणि नेट चालू-बंद खेळत बसतात.

बहुतेकांना एकच गाव पुरतं

तुमचं काम फक्त घर आणि गोठा एवढंच असेल तर माझं स्पष्ट मत आहे, रस्ते-बिस्ते काढायच्या भानगडीत पडू नका. दोन गावांचं एक करून टाका. दुसऱ्या राउटरची राउटरकी काढून घ्यायची आणि त्याला नुसता वायफायचा खांब करायचा. याला ॲक्सेस पॉइंट म्हणतात. नवीन राउटरमध्ये ऑपरेशन मोड म्हणून पान असतं, तिथे ॲक्सेस पॉइंट निवडलं की काम झालं. जुन्यात हाताने करावं लागतं, आणि त्यात क्रम महत्त्वाचा आहे. मी क्रम चुकवून अर्धा दिवस घालवलाय.

आधी घरची वायर काढून ठेवा. मोबाईल फक्त त्या दुसऱ्या राउटरच्या वायफायला जोडा. मोबाईल म्हणेल “इंटरनेट नाही”, आणि गुपचूप सिमच्या डेटावर जाईल, म्हणून मोबाईल डेटा बंद ठेवा. ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाका, तो राउटरच्या बुडाला चिकटवलेला असतो. आत गेल्यावर आहे त्या पानांचे फोटो काढून ठेवा. मग लॅन सेटिंगमध्ये जाऊन त्याचा स्वतःचा पत्ता बदला. घरचा राउटर १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या. सेव्ह केलं की तुम्ही बाहेर फेकले जाल, घाबरू नका, मोबाईल परत जोडा आणि आता नव्या पत्त्याने आत जा. याच वेळी वायफायचं नाव आणि पासवर्ड घरच्यासारखाच ठेवला तर घरून गोठ्यात चालत गेलं तरी मोबाईल आपोआप जवळचा पकडतो. मग शेवटी डीएचसीपी सर्व्हर बंद करा. आणि आता घरून आलेली वायर वॅनच्या भोकात नाही, लॅनच्या भोकात घाला.

डीएचसीपी आधी बंद केलं तर मोबाईलला पत्ताच मिळत नाही आणि तुम्ही राउटरच्या बाहेर अडकून बसता. मग मागच्या बारीक भोकात पिन घालून दहा सेकंद दाबायची आणि पहिल्यापासून सुरू. इथे एक सांगतो. ही पिन स्वतः विकत आणलेल्या राउटरलाच घाला. फायबर कंपनीने बसवलेल्या डब्याला कधीच घालू नका. त्यात कंपनीचं नाव-पासवर्ड आणि लाइनची सेटिंग भरलेली असते, ती पुसली की माणूस येईपर्यंत नेट बंद.

दोन वाटेकरी, एका घराचे दोन मालक

डीएचसीपी बंद करा असं मी वर एका ओळीत लिहिलं, पण सगळ्यात जास्त घरं याच ठिकाणी गंडतात, म्हणून थोडं थांबतो.

डीएचसीपी म्हणजे पत्ते वाटणारा. वायफायला नवीन मोबाईल आला की तो ओरडतो, “मला पत्ता द्या.” डीएचसीपी त्याला मोकळा पत्ता आणि गेटवे सांगतो. एका गावात वाटणारा एकच पाहिजे. वाटणारे दोन झाले की जो आधी उत्तर देईल त्याचा पत्ता मोबाईल घेतो. एकाने ग्रामपंचायतीतून नंबर दिला, दुसऱ्याने स्वतःच्या डोक्याने दिला, असा प्रकार. एकच पत्ता दोघांना मिळू शकतो. किंवा दुसरा वाटणारा गेटवे म्हणून स्वतःचंच नाव सांगतो, आणि त्याच्याकडे तर इंटरनेट नाहीच.

याची खूण अशी. घरात एकाचा मोबाईल चालतो, शेजारी बसलेल्याचा चालत नाही. वायफाय बंद-चालू केलं की कधी चालतं, कधी नाही. सकाळी ठीक, लाइट जाऊन आली की बिघाड. आमच्याकडे पुतणीचा ऑनलाइन फॉर्म भरायचा शेवटचा दिवस होता आणि घरात असा प्रकार चालू होता. ती शेवटी गच्चीवर जाऊन सिमच्या नेटवर फॉर्म भरून आली. मी दिवसभर कंपनीला फोन लावत होतो. दोष कंपनीचा नव्हताच, मीच आदल्या दिवशी दुसरा राउटर लॅनमध्ये खोचून ठेवला होता, डीएचसीपी बंद न करता.

अजून एक. दोन राउटरमध्ये दोन वायरी लॅन ते लॅन कधी लावू नका, “डबल स्पीड मिळेल” म्हणून. निरोप गोल गोल फिरत राहतो, सगळे दिवे एकदम लुकलुकतात आणि आख्खं नेटवर्क ठप्प होतं. एक वायर उपटली की लगेच सुरू.

कॅमेरे, प्रिंटर, रेकॉर्डिंगचा डबा यांना मात्र रोज नवा पत्ता मिळून चालत नाही. घरच्या राउटरमध्ये पत्ते वाटायची हद्द ५० ते २०० ठेवा, आणि ५० च्या खालचे नंबर अशा कायमच्या वस्तूंना हाताने द्या. माझ्याकडे राउटर १ आणि २, रेकॉर्डिंगचा डबा २०, कॅमेरे २१ पासून पुढे.

वेगळी गावं हवीतच, तर रस्ता काढा

काही ठिकाणी एक गाव करून भागत नाही. माझ्या चुलतभावाचं घर आमच्या घरामागे. त्याचं दुकान आहे, ऑनलाइन फॉर्म आणि पैसे काढायचं काम चालतं. दुकानाचा कॉम्प्युटर आमच्या घरच्या पोरांच्या मोबाईलसोबत एकाच गावात नको, हे त्याचं म्हणणं बरोबर होतं. त्याच्या मागे कांदा चाळ, ती आम्हा भावांची सामाईक. चाळीतले कॅमेरे माझ्या घरच्या डब्यावर रेकॉर्ड व्हायला पाहिजेत. म्हणजे तीन गावं, आणि मधे रस्ता.

आमची मांडणी अशी आहे. घरचं गाव १९२.१६८.१, घरचा राउटर १९२.१६८.१.१. भावाच्या राउटरची आमच्याकडची बाजू, म्हणजे वॅन, तिला हाताने पत्ता दिला १९२.१६८.१.२. त्याचं आतलं गाव १९२.१६८.२. चाळीचा राउटर भावाच्या राउटरला जोडलेला, त्याची वॅन बाजू १९२.१६८.२.२ आणि आतलं गाव १९२.१६८.३. भावाच्या राउटरचा गेटवे १९२.१६८.१.१, चाळीच्या राउटरचा गेटवे १९२.१६८.२.१. गोठ्याचा राउटर घरच्याच गावात होता, पण २ नंबर भावाला द्यायचा म्हणून गोठ्याला आधी ३ दिला. हे विसरलो असतो तर एका नंबरावर दोघं आले असते.

चाळीतून घराकडे यायला अडचण नाही. प्रत्येक राउटर “माहीत नाही ते गेटवेकडे” या नियमाने निरोप पुढे ढकलतो. अडचण घरून चाळीकडे जाताना. घरच्या राउटरला १९२.१६८.३ नावाचं गाव जगात आहे हेच माहीत नाही. ते त्याला सांगायचं, त्याला स्टॅटिक रूट म्हणतात.

स्टॅटिक रूट म्हणजे फाट्यावरची पाटी, दुसरं काही नाही. पाटीवर तीन गोष्टी: कोणत्या गावाला, त्याचा मास्क, आणि इथून पुढे कुणाच्या हातात द्यायचं. घरच्या राउटरवर दोन पाट्या लागल्या. १९२.१६८.२.० ला जायचं, मास्क २५५.२५५.२५५.०, द्यायचं १९२.१६८.१.२ कडे. १९२.१६८.३.० ला जायचं, तोच मास्क, आणि द्यायचं पुन्हा १९२.१६८.१.२ कडेच. भावाच्या राउटरवर एक पाटी: १९२.१६८.३.० ला जायचं, द्यायचं १९२.१६८.२.२ कडे. चाळीच्या राउटरवर पाटीची गरज नाही, त्याला एकच रस्ता आहे.

मी दुसऱ्या पाटीत चूक केली होती. चाळीच्या गावाला जायचं म्हणून घरच्या राउटरला सरळ चाळीच्या राउटरचा पत्ता, १९२.१६८.२.२, देऊन टाकला. राउटर घेईना. कारण पाटीवर कायम पुढचा फाटा सांगायचा असतो, जो आपल्या हद्दीला लागून आहे तो. पुढचं पुढचा बघेल. एसटीने आडगावाला जायचं तर आपणही आधी पुढच्या स्टँडचंच तिकीट काढतो, तसं.

पाट्या लावून झालं असं नाही. भावाच्या आणि चाळीच्या राउटरमधला नॅट बंद करावा लागतो, नाहीतर तो एनआरव्ही तसाच राहतो आणि पाटी बघून आलेला निरोप दारावर अडतो. इथे खरी गोम आहे. बारा-पंधराशेच्या बऱ्याच राउटरमध्ये नॅट बंद करायची सोयच नसते. सोय असलेला राउटर घ्यायचा, म्हणजे मिक्रोटिकसारखा किंवा ओपनडब्ल्यूआरटी चालणारा, आणि घेण्याआधी दुकानदाराला दोनच प्रश्न विचारायचे: “स्टॅटिक रूट आहे का? नॅट बंद करता येतो का?” त्याला उत्तर देता आलं नाही तर दुसरं दुकान बघा.

फायरवॉलही आहे. वॅनकडून आलेलं सगळं अडवायचं, ही राउटरची जन्मजात सवय. तिथे परवानगी द्यावी लागते. पण सगळंच मोकळं केलं तर भावाच्या दुकानाचा कॉम्प्युटरही उघडा पडला. म्हणून आम्ही फक्त माझ्या डब्याला, १९२.१६८.१.२० ला, कॅमेऱ्यांपर्यंत जायची परवानगी दिली, बाकी बंद. रस्ता काढला की फाटक आणि त्याची किल्ली हे दोन्ही बघावं लागतं.

दोन अडथळे अजून आले, तेही सांगतो. कंपनीच्या काही डब्यांत स्टॅटिक रूटचं पानच दिसत नाही. काहींत दिसतं, पण वेगळ्या गावांना इंटरनेट मिळत नाही, कारण तो फक्त स्वतःच्या गावाचेच पत्ते खोडून बाहेर पाठवतो. इंटरनेट अडलं तर कंपनीच्या डब्यामागे आपला स्वतःचा चांगला राउटर लावून त्यालाच मुख्य करायचं. आणि फक्त रेकॉर्डिंगच्या डब्यालाच पलीकडे जायचं असेल तर एक साधी युक्ती आहे: त्या डब्याचा गेटवे घरच्या राउटरऐवजी १९२.१६८.१.२ करून टाका. मग घरच्या राउटरवर त्याच्यासाठी पाटी नसली तरी चालतं. इंटरनेटचं काम असलं तर भावाचा राउटर ते घरच्या राउटरकडे देतो.

एवढं करूनही आमच्या डब्यात “कॅमेरा शोधा” दाबलं तर काहीच सापडेना. मी म्हटलं गेले पैसे. पण ते शोधणं म्हणजे गावात हाक मारणं असतं, आणि हाक गावाच्या वेशीबाहेर जात नाही. कॅमेऱ्याचा पत्ता हाताने भरावा लागतो. वायफाय प्रिंटरचंही असंच. पत्ता भरला तरी चित्र येईना, तेव्हा कळलं की कॅमेऱ्यात गेटवेचा रकाना रिकामा होता. निरोप कॅमेऱ्यापर्यंत पोचत होता, पण उत्तर द्यायला त्याला वेस माहीत नव्हती. तिथे १९२.१६८.३.१ भरलं आणि चित्र आलं. जाण्याचा रस्ता सगळे तपासतात, येण्याचा कुणी तपासत नाही.

तपासायला पिंग वापरा. कॉम्प्युटरवर काळी खिडकी उघडून पिंग आणि पत्ता लिहायचा, मोबाईलवरही फुकट ॲप मिळतात. घरून आधी १९२.१६८.१.२, मग १९२.१६८.२.१, मग १९२.१६८.२.२, मग ३.१, शेवटी कॅमेरा. जिथे उत्तर थांबलं तिथे बिघाड, पण फायरवॉलने पिंगला परवानगी आहे ना तेवढं आधी बघा. आणि आमच्यासारखी फक्त एकाच पत्त्याला परवानगी ठेवली असेल, तर तपासण्यापुरता लॅपटॉपला तोच पत्ता द्यावा लागतो, डबा तेवढा वेळ बंद ठेवून.

गिऱ्हाइकांचं वायफाय कुठे लावायचं?

दुकानदार मंडळींसाठी एवढं लक्षात ठेवा, कारण बहुतेक जण उलटं करतात. मुख्य राउटरला दुकानाचा कॉम्प्युटर, आणि गिऱ्हाइकांसाठी मागे दुसरा साधा राउटर, “म्हणजे ते वेगळे राहतील.” राहत नाहीत. एनआरव्ही आठवा. मागच्या गावातून पुढच्या गावात जाता येतं, पुढच्यातून मागे येता येत नाही. म्हणजे गिऱ्हाइकाचा मोबाईल तुमच्या कॉम्प्युटरपर्यंत पोचू शकतो. करायचंच असेल तर कॉम्प्युटर मागच्या राउटरला आणि गिऱ्हाईक पुढच्या. त्याहून बरं म्हणजे राउटरमध्ये गेस्ट नेटवर्क असतं ते चालू करा. आणि राउटरचा ॲडमिन-ॲडमिन पासवर्ड बदला.

वायर, वीज आणि लाइट

तांब्याची लॅन केबल एका तुकड्यात १०० मीटर, म्हणजे सुमारे ३२८ फूट, एवढीच चालते. स्वस्त केबलमध्ये ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो, ती घेऊ नका, वायरीतूनच करंट घेणाऱ्या कॅमेऱ्याला ती पुरत नाही. उन्हात टाकायची तर बाहेरची, काळ्या कवचाची घ्या. घरापासून वस्ती लांब असेल तर फायबर आणि दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर, किंवा समोरासमोर दिसत असेल तर दोन छोट्या वायरलेस डिश. मधे झाड वाढलं की डिशचा सिग्नल पडतो. ऊस वाढल्यावर पडलेलाही मी पाहिलाय, डिश फार खाली लावली होती.

दोन इमारतींच्या मधे तांब्याची केबल टाकली की पावसाळ्यात विजेची भीती आलीच. वीज थेट पडायची गरज नाही, जवळ पडली तरी राउटरचं भोक जळतं. इमारत ते इमारत फायबर टाकलेली उत्तम, तिच्यातून वीज येत नाही.

लाइटचा विचार दोन्ही टोकांना करा. घरचा राउटर इन्व्हर्टरवर आणि गोठ्याचा नुसताच, तर लाइट गेल्यावर घरात नेट आणि गोठ्यात अंधार. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो. घेताना अडॅप्टरवर ९ व्होल्ट आहे की १२ ते बघून घ्या. कॅमेऱ्यालाही बॅकअप लागतो, हे मला यूपीएस आणल्यावर आठवलं.

आमच्याकडचे सगळे पत्ते मी एका कागदावर लिहून घरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेत. राउटर कुठला, त्याचा नंबर, कोणती वायर कुठे. पासवर्ड मात्र त्यावर नाही, तो वहीत आहे.

रस्त्याचं काम अजून संपलेलं नाही. गेल्या महिन्यात फायबर पुन्हा तुटली आणि दोन दिवस नेट नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी डब्यावर रात्रीचं रेकॉर्डिंग लावून बघितलं. मध्यरात्रीनंतर विहिरीजवळ काहीतरी हललं म्हणून सगळं घर टीव्हीपुढे जमलं. शेजाऱ्यांचं वासरू सुटून आलं होतं, आमच्या घासाच्या वाफ्यात उभं राहून तासभर खात होतं.